आयरिश मडकं, मुंबईचा मटका आणि '९६ टक्के परत'

मागच्या महिन्यात मामाकडं जेवायला गेले होते. रस्सा-भात झाल्यावर मामेभावानं गच्चीवर बोलावलं. तो गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसीवर काम करतो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. "अक्का, एक विचारू काय? चिडणार न्हाईस न्हवं?" असं म्हणाला, तेव्हाच समजलं की काहीतरी पैशाचं आहे.

मोबाइलवर एक गेम उघडला. हिरव्यागार टेकड्या, तांबड्या दाढीचा एक बुटका, इंद्रधनुष्य आणि त्याच्या टोकाला सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं मडकं. बटण दाबलं की पाच चाकं गरगर फिरतात आणि थांबतात. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: प्लेअरला परतावा ९६ टक्के.

"हे बघ. ९६ टक्के परत म्हणतंय. म्हणजे शंभरातले चारच जाणार न्हवं? मग माझे एवढे कसे गेले?"

मी सांख्यिकीत पीएचडी करते, त्यामुळे नातेवाइकांना वाटतं की आकड्यांचं काहीही विचारलं तरी मला लगेच सांगता येतं. मला नाही सांगता आलं. म्हणजे उत्तर माहीत होतं, पण ते गच्चीवर उभ्या उभ्या त्याला पटेल असं सांगता येईना. घरी येऊन एक्सेलमध्ये स्वतःचाच एक आयरिश स्लॉट बांधला, तेव्हा कुठं नीट मांडता आलं. हा लेख म्हणजे तेच.

आधी त्या बुटक्याबद्दल. त्याला लेप्रेकॉन म्हणतात. आयर्लंडच्या लोककथांत तो जोडे शिवणारा कारागीर असतो आणि आपलं सोनं लपवून ठेवतो. (चपलांच्या गावच्या माणसाला हे कळल्यावर मामेभाऊ तेवढ्यापुरता हसला.) ते सोनं इंद्रधनुष्याच्या टोकाशी असतं म्हणे. आता इंद्रधनुष्य ही काही ठरावीक जागी असलेली वस्तू नाही. सूर्य तुमच्या पाठीशी असताना, तुमच्या सावलीच्या दिशेपासून साधारण ४२ अंशाच्या कोनात ते दिसतं. तुम्ही चार पावलं पुढं गेलात की तेही सरकतं. ब्रिटनमधल्या पबमध्ये बार्क्रेस्ट कंपनीचं 'रेनबो रिचेस' हे याच थीमचं मशीन गाजलं, पुढं ते ऑनलाइन आलं, आणि त्याच धर्तीवर असंख्य गेम निघाले. भावाच्या मोबाइलमधला त्यातलाच कुठला तरी.

पण थीम हे नुसतं वरचं कातडं. आत गणित तेच ठेवून वर इजिप्तचे पिरॅमिड लावता येतात, नाहीतर दिवाळीचे फटाके. म्हणून 'आयरिश स्लॉट चांगला की इजिप्तचा' या प्रश्नाला अर्थ नाही. आतलं गणित काय आहे, एवढंच विचारायचं.

आणि चाकं? तीसुद्धा चित्रच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे यानं 'लिबर्टी बेल' नावाचं तीन चाकांचं मशीन बनवलं, त्यात चाकं खरोखर फिरायची आणि जिथं थांबतील तो निकाल. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस या संशोधकाला अमेरिकेत एक पेटंट मिळालं आणि सगळं उलटं झालं. त्यात आधी यंत्राच्या आतली चिप एक यादृच्छिक संख्या काढते, त्यावरून निकाल ठरतो, आणि मग चाक त्या निकालाला साजेशा जागी नेऊन थांबवलं जातं. चाकावर जागा वीस-बावीस दिसल्या तरी आतल्या यादीत त्या साठ, शंभर, कितीही असू शकतात. एखादं चिन्ह डोळ्यांना वीसात एकदा दिसतं, पण आतल्या यादीत ते शंभरात एकदाच असू शकतं. मोबाइलवर तर चाक नावाची वस्तूच नाही. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी निकाल लागलेला असतो, पुढचे दोन-तीन सेकंद नुसती वरात.

आता आपला स्लॉट बांधू. मुद्दाम सोपा ठेवलाय, म्हणजे कागदावर तपासता येईल. तीन चाकं, प्रत्येकावर २० जागा. त्यात सोन्याचं मडकं १, लेप्रेकॉन २, हार्प (आयर्लंडचं तंतुवाद्य) ४, तिपानी शॅमरॉक ५, आणि उरलेल्या ८ जागी नुसते दगड. एकूण शक्यता २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,०००. फसवाफसवी काही नाही, प्रत्येक शक्यता सारखीच.

एक स्पिन १० रुपयांचा. बक्षिसं पैजेच्या पटीत ठरवली. तीन मडकी आली तर १,००० पट, तीन लेप्रेकॉन १०० पट, तीन हार्प २५ पट, तीन शॅमरॉक १० पट. दोनच शॅमरॉक आले तर दुप्पट, आणि दोनच हार्प आले तर पैज परत.

मोजायला लागा. तीन मडक्यांची शक्यता ८,००० पैकी १. तीन लेप्रेकॉन ८. तीन हार्प ६४. तीन शॅमरॉक १२५. नेमके दोन शॅमरॉक १,१२५ आणि नेमके दोन हार्प ७६८. प्रत्येकाला त्याच्या पटीनं गुणा आणि बेरीज करा: १,००० + ८०० + १,६०० + १,२५० + २,२५० + ७६८ = ७,६६८. भागिले ८,०००. उत्तर ९५.८५ टक्के. बाजारात छापतात तसा, जवळजवळ ९६ टक्क्यांचा आयरिश स्लॉट तयार. घराचा, म्हणजे गेमवाल्याचा, वाटा ४.१५ टक्के.

आता भावाचा प्रश्न. शंभरातले चारच जाणार ना?

शंभरातले चार हे खरं आहे, पण कुठल्या शंभरातले? खिशातून भरलेल्या नव्हे, पैजेवर लागलेल्या. आणि पैजेवर तेच पैसे पुन्हा पुन्हा लागतात. तुम्ही ५०० रुपये भरले आणि ते सगळे एकदा फिरवले, की सरासरी ४७९ उरतात. तुम्ही थांबत नाही, ते ४७९ परत फिरवता. असं दहा वेळा झालं की ३२७. पन्नास वेळा झालं की ६० रुपये. पन्नास वेळा म्हणजे फार वाटतं, पण हिशेब करा: त्यात एकूण साधारण १०,६०० रुपयांच्या पैजा लागतात, म्हणजे १,०६० स्पिन. तीन सेकंदाला एक स्पिन धरला तर त्रेपन्न मिनिटं.

म्हणजे ९६ टक्के परत देणाऱ्या गेमनं तासाभराच्या आत ५०० चे ६० केले, आणि कुठंही खोटं बोलला नाही.

हे मला स्वतःला नीट उमगलं ते मटक्याशी तुलना केल्यावर. आपल्याकडं मटका कुणाला समजावून सांगावा लागत नाही, पण थोडक्यात: पूर्वी मुंबईत न्यूयॉर्क कॉटन एक्सचेंजच्या कापसाच्या भावांवर आकडा लावायचे. ते बंद पडल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढायची आपापली पद्धत सुरू केली. मडक्यातून चिठ्ठी काढायची म्हणून मटका. नंतर पत्ते आले, मडकं गेलं, नाव राहिलं. आयर्लंडचं ते मडकं आणि मुंबईचं हे मडकं, योगायोगच म्हणायचा.

मटक्यात एकेरी आकडा लावला तर दहात एक शक्यता, आणि लागला तर रुपयाला नऊ रुपये हा रूढ भाव. म्हणजे परतावा ९० टक्के. कागदावर आपला आयरिश स्लॉट मटक्यापेक्षा कितीतरी दिलदार. मटका शंभरातले १० खातो, हा ४.१५.

पण मटका दिवसातून दोनदा, ओपन आणि क्लोज. दोन्ही वेळा १० रुपये लावणारा माणूस दिवसाला २० रुपयांची पैज लावतो आणि सरासरी २ रुपये गमावतो. स्लॉटवर तीन सेकंदाला एक या वेगानं तासाला १,२०० स्पिन होतात. १२,००० रुपयांची पैज, सरासरी ४९८ रुपये तोटा. एका तासात. मटकेवाल्याला तेवढे गमवायला २४९ दिवस लागतील, आठ महिन्यांहून जास्त.

मटक्याची बाजू घेत नाही मी. त्यानंही घरं बसवली, कारण माणूस दहावर थांबत नाही, गेलेलं काढायला शंभर लावतो. पण या जुगाराची खरी किंमत टक्क्यात दिसतच नाही. ती टक्के, पैज आणि वेग या तिघांचा गुणाकार आहे, आणि गेमवर त्यातला एकच आकडा छापलेला असतो. बरोबर तोच, जो ऐकायला गोड लागतो. ब्रिटनच्या जुगार नियामकानं २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा एक खेळ अडीच सेकंदांपेक्षा लवकर होऊ द्यायचा नाही आणि आपोआप फिरत राहण्याची सोय बंद, असे नियम केले. २०२५ मध्ये पैजेलाही कमाल मर्यादा आली: एका स्पिनला ५ पौंड, आणि १८ ते २४ वयाच्यांना २ पौंड. म्हणजे त्यांनी टक्क्याला हात न लावता गुणाकारातल्या उरलेल्या दोघांनाच हात घातला.

बोनसचंही याच गुणाकारानं बघा. '५०० भरा, ५०० बोनस, फक्त ३० पट खेळा.' ५०० ची ३० पट म्हणजे १५,००० रुपयांच्या पैजा. त्यावर ४.१५ टक्के म्हणजे ६२२ रुपये ५० पैसे. पाचशेचं बक्षीस घ्यायला सव्वासहाशे.

आतापर्यंत सगळं सरासरीचं बोललो. पण सरासरी माणूस कुणीच नसतो, आणि इथं माझा रोजचा विषय येतो. माझं संशोधन पावसावर आहे: पंचगंगेच्या खोऱ्यात क्वचित पडणारा पण प्रचंड पाऊस, आणि त्याचा अंदाज कसा करायचा. त्यात एक त्रास कायमचा. एकूण नुकसानाचा मोठा हिस्सा अगदी थोड्या घटनांत असतो. पंधरा वर्षांच्या नोंदीत ती एक घटना आली नसेल तर तुमची सरासरी चुकते, आणि आली असेल तरी चुकते, उलट्या बाजूनं.

स्लॉट अगदी तसाच आहे. आपल्या ९५.८५ पैकी १२.५ टक्के एकट्या मडक्यातून येतात, जे ८,००० त एकदा लागतं. हजार स्पिन खेळणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ८८ जणांना मडकं दिसतच नाही. या ८८ जणांचा गेम ९६ टक्क्यांचा नसतोच, सुमारे ८३ टक्क्यांचा असतो. ज्यांना लेप्रेकॉनही लागला नाही त्यांचा ७३ टक्क्यांचा. छापलेला ९६ खरा ठरतो तो उरलेल्या बाराजणांच्या नशिबामुळं.

मी एक्सेलमध्ये हजार ओळींचं शीट केलं, प्रत्येक ओळीत तीन यादृच्छिक आकडे, शेवटी बेरीज. एफ-नाइन दाबलं की नवे हजार स्पिन. गणितानं येतं तेच दिसलं: शंभर वेळा दाबलं तर साधारण वीस वेळा हजार स्पिनअखेर फायदा, ऐंशी वेळा तोटा. आता विचार करा, 'मी हजार स्पिन खेळलो, मस्त गेम आहे, देतो' असा व्हिडिओ कोण टाकणार? ते वीसजण. आणि ते खोटं बोलत नसतील.

म्हणून खेळून बघून स्लॉटची पारख करणं हा प्रकारच फसवा आहे. किती खेळावं लागेल म्हणजे परतावा खरंच ९६ आहे की ९४, हे कळेल? आपल्या गेमचं प्रमाण विचलन पैजेच्या ११.९ पट येतं. परतावा एक टक्का इकडंतिकडं एवढ्या अचूकपणे, ९५ टक्के खात्रीनं सांगायचा असेल तर सुमारे ५४ लाख स्पिन लागतात. तीन सेकंदाला एक, झोप-जेवण सोडून, १८८ दिवस. आणि हे तीन चाकांच्या सोप्या गेमचं. ज्यात दहा हजार पटीची बक्षिसं असतात तिथं आकडा आणखी वर जातो.

मग खरी पारख कशी होते? कागदावर. प्रत्येक स्लॉटचं एक पार शीट असतं: कुठल्या चाकावर कुठलं चिन्ह किती वेळा, कुठल्या जोडणीला किती पैसे. आपण वर जे केलं तेच, फक्त मोठं. ज्या देशांत परवाने देतात तिथं स्वतंत्र प्रयोगशाळा हे शीट आणि आतला कोड तपासतात. हे कागद कंपन्या बाहेर देत नाहीत. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाच्या केविन हॅरिगन आणि माइक डिक्सन यांनी ऑन्टारिओमधल्या मशीनची शीटं तिथल्या माहिती अधिकाराखाली अर्ज करून मिळवली आणि २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. माहितीच्या अधिकारात स्लॉट मशीनचं गणित मागायचं, हे वाचून मला फार भारी वाटलं होतं. त्यात दिसलेली एक गोष्ट अशी की दिसायला तोच गेम वेगवेगळ्या परताव्याच्या आवृत्त्यांत येतो. खेळणाऱ्याला बाहेरून फरक कळायचा काही मार्ग नाही.

याच मंडळींचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वीस ओळींच्या स्लॉटवर तुम्ही २० रुपये लावता, एका ओळीवर ५ रुपये लागतात. गेला तोटा १५ चा. पण स्क्रीनवर नाणी उडतात, संगीत वाजतं, 'जिंकलात!' येतं. डिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये खेळणाऱ्यांच्या बोटांना सेन्सर लावून त्वचेतला बारीक फरक मोजला. शरीरानं या तोट्याला जी प्रतिक्रिया दिली ती खऱ्या जिंकण्यासारखी होती, हरण्यासारखी नव्हे. याला 'जिंकण्याच्या वेषातला तोटा' असं नाव पडलं. ब्रिटननं २०२१ च्या त्याच नियमांत तोटा वाजतगाजत साजरा करायला बंदी घातली. आपल्या छोट्या गेममध्येही बघा: १०० स्पिनमध्ये साधारण २६ वेळा काहीतरी लागतं, पण त्या लागण्यातले दर दहापैकी नऊ हे दोन हार्प नाहीतर दोन शॅमरॉक असतात. खेळताना मात्र सारखं लागतंय असंच वाटत राहतं.

'थोडक्यात हुकलं' हाही तसलाच प्रकार. दोन मडकी आली, तिसरं नाही. भाऊ म्हणाला, "अक्का, कितींदा दोन आली! जवळच हुतं." आपल्या गेममध्ये तीन मडक्यांची शक्यता १, नेमक्या दोन मडक्यांची ५७. म्हणजे एका जॅकपॉटमागं सत्तावन्न वेळा थोडक्यात हुकणारच, काहीही लबाडी न करता. टेल्नेसची युक्ती वापरली तर ते प्रमाण आणखी वाढवता येतं. आणि हुकलेल्या दोन मडक्यांनंतर पुढच्या स्पिनची शक्यता परत ८,००० त एकच असते. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं की असं हुकल्यावर मेंदूतले तेच भाग जागे होतात जे जिंकल्यावर होतात, आणि खेळायची इच्छा वाढते.

'बराच वेळ दिलं नाही, आता देणारच' हे तर मला पावसाच्या बाबतीतही रोज ऐकावं लागतं, उलट्या बाजूनं. २००५ ला महापूर आला, मग २०१९ ला, तेव्हा लोक म्हणाले आता काही वर्षं काळजी नाही. २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोका पातळी पुन्हा ओलांडली. पावसाची वर्षं एकमेकांपासून अगदी सुटी नसतात, त्यात समुद्राचं तापमान वगैरे बऱ्याच भानगडी आहेत. स्लॉटचे स्पिन मात्र पूर्ण सुटे. चिपला मागचं काही आठवत नाही.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावरच राहिला आणि २०२३ मध्ये रद्द झाला. शेजारी गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी मिळाली, नंतर मांडवीतल्या बोटी आल्या. कोल्हापुरातून गोव्याला जाणाऱ्या बऱ्याच ट्रिपांची संध्याकाळ कुठं संपते हे सांगायला नको. ऑनलाइनचं मात्र आता वेगळं आहे: संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्यात ठेवलेला नाही. गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. भावाला ही लिंक टेलिग्रामवर आली होती, साइट परदेशातली. अशा साइटवर '९६ टक्के' हे कुणी तपासलेलंच नसतं, तिथं ९६ लिहा नाहीतर १०६.

तर मग त्याचे पैसे.

मी त्याला खात्यातली हिस्टरी काढायला लावली. बराच वेळ टाळत होता. भरलेले ४१,५०० रुपये, काढलेले ३,०००. तोटा ३८,५००. अडीच महिन्यांत. पगाराच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त, आणि त्यातले वीस हजार मामीच्या भिशीचे, जे तिनं त्याच्याकडं ठेवायला दिले होते.

पण खाली आणखी दोन आकडे होते, ज्यांच्याकडं त्यानं कधी बघितलं नव्हतं. एकूण पैजा ६,१२,००० रुपये. एकूण जिंकलेले ५,७३,५००.

"पावणेसहा लाख मी जिंकलो?" तो म्हणाला.

जिंकला होता. २० रुपयांचा एक स्पिन, असे ३०,६०० स्पिन. तीन सेकंदाला एक धरला तर साडेपंचवीस तास, म्हणजे रोज वीस मिनिटं. डब्याच्या सुट्टीत आणि रात्री झोपताना. परतावा ९३.७ टक्के पडला. त्याचा पुढचा प्रश्न बरोबर होता: ९६ लिहिलंय आणि ९३.७ मिळाले, म्हणजे साइटनं फसवलं का? मी हिशेब केला. आपल्या गेमसारखा चढउतार धरला तर ३०,६०० स्पिननंतरही प्रमाण त्रुटी ६.८ टक्के येते. म्हणजे खरा परतावा ९६ असू शकतो, ९० असू शकतो, ८५ सुद्धा. अडतीस हजार घालवूनही गेम खरा की खोटा हे ठरवण्याइतका डेटा त्याच्याकडं नाही. हे सांगताना मला वाईट वाटलं, कारण 'फसवलं' असं उत्तर त्याला हवं होतं. त्यात निदान दुसरा कुणी दोषी असतो.

दुसरा प्रश्न त्यानं तोंडानं विचारला नाही, पण तो होताच: अजून खेळलो तर निघतील का? प्रत्येक २० च्या स्पिनला सरासरी ८३ पैसे जातात. मागचे गेले ते स्पिनला माहीत नाही. एवढंच सांगितलं.

'नाद' हा शब्द कोल्हापुरात कौतुकानं वापरतात, गाडीवर लिहून फिरतात. हा नाद तसला नाही. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, स्वतःच्या नावानं आहे. मी डॉक्टर नाही, पण टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं, तो त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. लावला की नाही, विचारलं नाही.

मग त्याला ते एक्सेल शीट दाखवलं. दगड, शॅमरॉक, हार्प, सगळं नुसत्या आकड्यांत, रंग नाही, आवाज नाही. "दाब," म्हटलं. एफ-नाइन दाबलं, शेवटी आलं उणे १,९४०. परत दाबलं, उणे २,२६०. परत. दहा-बारा वेळा दाबल्यावर अधिक ८,३१० आले आणि तो खुर्चीत सरळ बसला. "आलं बघ! मडकं आलं असणार!" खरंच आलं होतं, सहाशे कितव्या तरी ओळीत. आणि लगेच त्याचं बोट परत एफ-नाइनवर. मीही थांबवलं नाही, कारण खरं सांगायचं तर पुढचा आकडा बघायची मलाही उत्सुकता होती. एक पैसा लागलेला नसताना आम्ही दोघं पाऊण तास ते बटण दाबत बसलो होतो.

शेवटी त्यानंच लॅपटॉप मिटवला. "आईला भिशीचं मी सांगतो," म्हणाला. "तू नको सांगूस."

परवा मामीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलली, भिशीचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.